नोकरीच्या अर्जात स्वतःच्या लेखनाचा उल्लेख असावा काय?

नोकरीसाठी अर्ज लिहिणे हा तरुण माणसाच्या आयुष्यातील एक कसोटीचा प्रसंग होय. शिक्षण संपलेले असते, घरच्यांच्या आशा वाढलेल्या असतात, आणि ज्याने आजवर कधी पाहिलेले नाही अशा परक्या माणसापुढे दोन पानांत स्वतःला उभे करावयाचे असते. परीक्षा, पदवी, पूर्वीची नोकरी, येणाऱ्या भाषा, एवढे लिहून झाले की लेखणी थबकते. कोणी सांगितलेले नसताना, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता, रात्री दिवा लावून जे काही लिहिले, त्याचे काय करावे? ते अर्जात यावे, की घरच्या कपाटातच राहावे?

एक घर डोळ्यांसमोर आणावे. वाक्वाच्या बाजूस राहणारी, रेदुईच्या विद्यापीठातून हिशेबशास्त्राची पदवी घेतलेली एक मुलगी एबेन येथील एका बँकेतील जागेसाठी अर्ज लिहीत बसली आहे. गेली चार वर्षे ती आजीकडून झाकरीची गाणी ऐकून वहीत उतरवून घेत आहे. गाण्यातील जुन्या शब्दांचा अर्थ काय, ते कोणत्या प्रसंगी म्हणत, त्यावर पाय कसे पडत, याविषयी ती दर वर्षी गणेशचतुर्थीच्या स्मरणिकेत एक लेख लिहिते. या लेखनाची एक ओळ तिने अर्जात घातली आहे. वडील अर्ज वाचतात, त्या ओळीपाशी थांबतात आणि क्रिओलमध्ये सांगतात की, बँकेला आकडे हवेत, गाणी नकोत. ही ओळ काढलेली बरी. आजी शेजारी बसून ऐकते, पण बोलत नाही. मुलगी ओळ खोडते.

हे घर कल्पनेतील खरे. पण या बेटावरील कोणाही मराठी वाचकाला ते अनोळखी वाटेल असे नाही. त्या घरात भांडण झाले नाही, कोणाचा अपमान झाला नाही. फक्त एक ओळ खोडली गेली. मात्र त्याबरोबरच मुलगी एक गोष्ट नकळत शिकली, ती ही की, आवडीने आणि चिकाटीने केलेले काम चारचौघांत सांगण्याजोगे नसते. उलटपक्षी, ती ओळ अस्थानी राहिली असती आणि त्यापायी हातची नोकरी गेली असती, तर तेही नुकसान थोडे नव्हते. तेव्हा या प्रश्नाचा विचार भावनेच्या भरात करून चालणार नाही, तसाच भीतीच्या पोटीही करून चालणार नाही.

वडिलांच्या सावधपणाला कोणी भित्रेपणा म्हणेल, तर तो त्यांच्यावर अन्याय होईल. या सावधपणामागे फार मोठा इतिहास आहे. १८३४ ते १९२० या काळात जवळजवळ ५ लाख करारबद्ध मजूर पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले. मुंबई बंदरातून आलेली कोकणची माणसे त्यांतलीच. ऊसमळ्यावर एक दिवस गैरहजर राहणाऱ्याची दोन दिवसांची मजुरी कापण्याची रीत होती. १८६७ च्या कायद्याने, करार पुरा करून मोकळ्या झालेल्या मजुरालाही छायाचित्र असलेला परवाना जवळ बाळगणे भाग पडले. अशा कारकिर्दीत मजुराच्या बाजूने काही लिहिणे म्हणजे संकटाला आमंत्रण होते. १८७१ साली आदोल्फ द प्लेवित्झ याने ९,४०१ मजुरांच्या वतीने विनंती-अर्ज लिहिला, तेव्हा मळेवाल्यांचा रोष त्याच्यावर ओढवला. पण त्या अर्जाचा परिणाम असा झाला की, १८७२ साली चौकशीसाठी राजनियुक्त आयोग आला आणि १८७५ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. लिहिल्याने संकट येते आणि लिहिल्यानेच दाद लागते, हे दोन्ही धडे या बेटाने एकाच वेळी घेतले. घरोघरी उरला तो बहुधा पहिला धडा. कमी बोलावे, साहेबाच्या डोळ्यांवर येऊ नये, ही शिकवण आजोबांकडून वडिलांकडे आली, आणि तिच्यामुळे पुष्कळांचे संसार सावरलेही.

मोक्याच्या महात्मा गांधी संस्थेत त्या काळच्या आगमन-नोंदवह्या जपून ठेवलेल्या आहेत. क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरील खूण, गाव, जहाज, एवढी माहिती त्यांत कारकुनाच्या हाताने लिहिलेली असे. पूर्वजांचा पहिला परिचय तो हाच म्हणावयाचा. तो लिहिणारा दुसराच कोणी होता, आणि मळ्यावर किती काम निघेल याच्याशी ज्याचा संबंध तेवढेच त्यात आले. कोणाला अभंग पाठ होते, कोण ढोलकीवर बसत असे, कोणाला गाणे रचता येत असे, यासाठी त्या वहीत रकाना नव्हता. रकाना नव्हता म्हणून गाणे नाहीसे झाले नाही. ते कोठ्यांतून वाढले, पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, आणि कास्कावेलपासून वाक्वापर्यंतच्या घरांत आजही ऐकू येते.

आजच्या उमेदवाराची स्थिती मात्र निराळी आहे. त्याचा परिचय आता तो स्वतः लिहितो. काय सांगावे आणि काय वगळावे, हे ठरविण्याचा अधिकार त्याच्या हाती आहे. हा अधिकार सहजासहजी मिळालेला नाही. १९४८ च्या निवडणुकीत लिहितावाचता येणाऱ्या प्रौढांपर्यंत मताधिकार पोहोचला, तेव्हा त्या अटीस उतरावे म्हणून बासुदेव विष्णुदयाल यांच्या स्वयंसेवकांनी खेडोपाडी मजुरांना अक्षरे गिरवावयास लावली. अक्षराची किंमत ज्यांनी अशी मोजली, त्यांच्या नातवंडांनी स्वतःच्या अक्षराविषयी लाज बाळगू नये, हे उघड आहे. पण लाज नसणे वेगळे आणि प्रत्येक ठिकाणी ते मांडून बसणे वेगळे. अधिकार हाती आला की त्याच्यामागून विवेकही यावा लागतो.

विवेकाची पहिली पायरी म्हणजे अर्ज हा काय प्रकार आहे, हे ओळखणे. अर्ज म्हणजे आत्मचरित्र नव्हे. तो वाचणाऱ्याच्या टेबलावर असे शेकडो कागद असू शकतात. त्याला थोड्याच गोष्टी जाणून घ्यावयाच्या असतात. या माणसाला हे काम येईल काय, तो ते नेटाने करील काय, आणि त्याच्याबरोबर इतरांचे जमेल काय? स्वतःच्या लेखनाचा उल्लेख या तिहींपैकी एका तरी प्रश्नाचे उत्तर देत असेल, तर तो अवश्य असावा. एकाचेही उत्तर देत नसेल, तर ते लेखन कितीही सुंदर असले तरी अर्जात त्याला जागा नाही.

या कसोटीवर निरनिराळ्या नोकऱ्या घासून पाहाव्यात. शाळेत मराठी शिकविण्याची जागा असेल, वृत्तपत्राचे वा नभोवाणीचे काम असेल, भाषांतराचे असेल, तर उमेदवाराचे लेखन हाच त्याच्या योग्यतेचा पुरावा होय. तो पहिल्याच पानावर, ठळकपणे आला पाहिजे. हॉटेलच्या धंद्यात पाहुण्यांना बेटाची ओळख करून देणारा माणूस हवा असेल, आणि उमेदवाराने किनाऱ्यावरील गावांविषयी व सणांविषयी लिहिलेले असेल, तर तेही उपयोगाचेच आहे. हिशेबाच्या किंवा यंत्रांच्या कामाला मात्र कवितासंग्रहाचा प्रत्यक्ष उपयोग नाही. तेथे छंदांच्या रकान्यात एक ओळ पुरे. आणि अर्जातील जागाच अपुरी असेल, तर तीही वगळली म्हणून काही बिघडत नाही.

दुसरी कसोटी सातत्याची. शाळेत असताना एकदा छापून आलेला निबंध पंचविसाव्या वर्षी अर्जात मिरवू नये. वाचणाऱ्याला त्यातून एवढेच कळते की, त्यानंतर काही घडले नाही. पण चार वर्षे, वर्षाला एक लेख, ठरलेल्या मुदतीत लिहून दिला, ही गोष्ट वेगळी आहे. ती गाण्यांची असो की गणिताची असो, हाती घेतलेले काम हा माणूस तडीस नेतो, असे ती सांगते. गाण्यांची वही भरण्यासाठी वृद्ध स्त्रियांकडे पुन्हापुन्हा जावे लागते, नीट ऐकावे लागते, शब्द ताडून पाहावा लागतो, चूक आढळली तर खोडून पुन्हा लिहावे लागते. हिशेबनिसाच्या अंगी जे गुण असावे लागतात, ते याहून फार निराळे आहेत काय?

तिसरी कसोटी मजकुराची, आणि हीच अधिक नाजूक. ज्या लेखनात पूर्वीच्या मालकाची निंदा आहे, कचेरीतील गुपित आहे, किंवा घरातील दुःख उघडे केले आहे, त्याचा उल्लेख करणे शहाणपणाचे नाही. असे लेखन वाचून नव्या मालकाच्या मनात पहिली शंका हीच येते की, उद्या याच्या लेखणीखाली आपणही सापडू. ज्या लेखाखाली आज पुन्हा सही करावयाची तयारी नाही, तो लेख अर्जातही आणू नये. शिवाय उल्लेख केला की तो लेख कोणीतरी शोधून वाचणारच, हे धरून चालावे. उल्लेख न केला तरी तो वाचला जाण्याचा संभव आहे. कारण जे एकदा सर्वांसाठी खुले झाले ते आजच्या यंत्रयुगात नुसत्या नावावरून क्षणार्धात सापडते. म्हणून अर्ज लिहिण्यापूर्वी उमेदवाराने स्वतःचे जुने लेखन परक्याच्या नजरेने एकदा वाचून काढावे, हे उत्तम.

राजकीय लेखनाचे काय? सरकारी नोकराकडून राजकीय तटस्थतेची अपेक्षा असते, आणि ती योग्यच आहे. म्हणून ज्याला त्या वाटेने जावयाचे आहे, त्याने लिहितानाच पुढचा विचार करावा. परंतु लेखन आणि नाव यांची फारकत करण्यात काही कमीपणा आहे, असे समजण्याचे कारण नाही. देशाचे पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम हे पेशाने डॉक्टर होते. १९४० च्या दशकात ‘अ‍ॅडव्हान्स’ पत्रात त्यांनी ‘थंब मार्क’ म्हणजे ‘अंगठ्याचा ठसा’ या अर्थाच्या टोपणनावाने लेखन केले. ज्यांना सही करता येत नव्हती त्यांची निशाणी त्यांनी लेखणीसाठी उचलली. केव्हा नाव झाकावे आणि केव्हा उघड करावे, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते. टोपणनावाने लिहिणाऱ्याने ते लेखन अर्जात न आणले, तर त्याला कोणी अप्रामाणिक म्हणू नये.

मात्र न सांगणे आणि नाकारणे यांतील अंतर कधीही विसरू नये. अर्जात ‘प्रसिद्ध झालेले लेखन’ असा स्वतंत्र रकाना असेल, किंवा मुलाखतीत तसा सरळ प्रश्न आला, तर उत्तर खरेच दिले पाहिजे. विचारले नसता वगळणे हा निवडीचा भाग आहे. विचारल्यावर झाकणे हे असत्य आहे. एक लेख दडविल्याचे पुढे उघडकीस आले, तर त्या लेखापेक्षा दडवणूकच अधिक महागात पडते.

येथे एक आक्षेप हमखास येईल. मराठी गाणी, गणेशोत्सव, झाकरी असे शब्द अर्जात दिसले की वाचणारा उमेदवाराला एका समाजाच्या चौकटीत बसवील, आणि मग गुणांकडे पाहणार नाही. ही भीती निराधार आहे, असे म्हणण्याचे धाडस करू नये. परंतु तिला दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, समाजाची ओळख अर्जाच्या पहिल्या ओळीतच होऊन गेलेली असते. या बेटावरील कित्येक आडनावे म्हणजे कोणा पूर्वजाचे पाळण्यातील नाव होय; ते नोंदवहीत पडले आणि घराण्याला चिकटले. आडनाव वाचून ज्याचे मन कलुषित व्हावयाचे, ते झाकरीचा उल्लेख गाळल्याने निर्मळ होणार नाही. दुसरे उत्तर कायद्याचे. २००८ चा समान संधी कायदा २०१२ पासून अमलात आहे. जात, वर्ण, पंथ, वांशिक मूळ, मूळ ठिकाण, राजकीय मत अशा कारणांवरून नोकरीत भेदभाव करण्यास त्याने मनाई केली आहे, आणि दाद मागण्यासाठी आयोगही आहे. अर्थात कायदा कोणाच्या अंतःकरणात शिरून पाहू शकत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. म्हणून ज्याला उल्लेख टाळावासा वाटेल त्याला दोष देऊ नये. मात्र त्याने तो टाळावा तो नोकरीचे स्वरूप पाहून. स्वतःच्या भाषेला कमी लेखून टाळू नये.

दुसरा आक्षेप मालकाच्या बाजूचा. ज्याला लेखनाचे वेड आहे, त्याचे लक्ष कामात कसे लागणार? या शंकेचे निरसन उमेदवारानेच करावयास हवे, आणि ते ओळ कशी लिहिली यावर अवलंबून आहे. ‘लेखनाची अत्यंत आवड’ किंवा ‘उदयोन्मुख साहित्यिक’ असे लिहिल्याने शंका वाढते. त्याऐवजी काय लिहिले, कोठे, किती काळ, किती, एवढेच साध्या शब्दांत सांगावे. उदाहरणार्थ: ‘मराठी लोकगीतांवर संस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत ४ वर्षे लेखन, ज्येष्ठ स्त्रियांकडून ६० गाणी ऐकून अर्थासह नोंदली, हे काम सुटीच्या दिवशी.’ अर्ज इंग्रजीत वा फ्रेंचमध्ये जाणार असेल, तर ‘झाकरी’ म्हणजे काय ते दोन शब्दांत सांगावे. वाचणाऱ्याला कोडे घालू नये. आकडा फुगवू नये. साठ गाण्यांची शंभर करणारा माणूस हिशेबाच्या कामाला मुळीच योग्य नाही, आणि मुलाखतीत ते उघडे पडावयास वेळ लागत नाही. त्या ओळीविषयी कोणी विचारले, तर दोन मिनिटांत नेमके आणि प्रसन्नपणे सांगता यावे, एवढी तयारी असावी.

हा सर्व भार एकट्या उमेदवारावर टाकून संस्थांना मोकळे होता येणार नाही. मुलांकडून लेख मागून घ्यावयाचे, उत्सवाच्या दिवशी टाळ्या वाजवावयाच्या, आणि दुसऱ्या दिवशी ते विसरावयाचे, हे बरे नव्हे. लेखाखाली लेखकाचे पूर्ण नाव शुद्ध छापावे. जुन्या स्मरणिकांचा संच संस्थेत जपून ठेवावा, म्हणजे पुरावा मागितला तर तो दाखविता येईल. ज्याने वर्षानुवर्षे लिहिले त्याला तसे लेखी प्रमाणपत्र चिटणिसांनी आपण होऊन द्यावे. ज्या ज्येष्ठांनी कचेऱ्यांत अधिकाराच्या जागा भूषविल्या आहेत, त्यांनी उत्सवापूर्वीच्या एखाद्या रविवारी तरुणांचे अर्ज वाचून दोन शब्द सांगावेत. पूर्वी पत्र लिहून देणाऱ्या शहाण्या माणसाकडे सारी वस्ती जात असे. ती चाल या रूपाने पुन्हा सुरू झाली, तर तिचे सोने होईल.

आता त्या पहिल्या घराकडे पुन्हा वळावे. मुलीने काय करावे? बँकेच्या अर्जात तिने ती ओळ परत घालावी, पण शेवटच्या भागात, आणि आकड्यांसह. वडिलांचे म्हणणेही राहील, कारण बँकेला आकडे हवेत हे त्यांनी खरेच सांगितले होते. समजा, महिन्याभराने पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटासारख्या वारशाच्या ठिकाणी हिशेब सांभाळून माहितीचेही काम करणारा माणूस हवा आहे, असे तिला कळले. २००६ साली ज्या घाटाची जागतिक वारसास्थळ म्हणून नोंद झाली, तेथे करारबद्ध मजुरांच्या गाण्यांची वही ही छंदाची गोष्ट राहत नाही. तेव्हा तीच ओळ पहिल्या पानावर, पदवीच्या लगेच खाली यावी. ओळ तीच, वही तीच, मुलगीही तीच. फक्त विचारणाऱ्याचा प्रश्न बदलला, म्हणून उत्तराची जागा बदलली. या विषयातील सारे शहाणपण एवढ्यात सामावले आहे.

एक गोष्ट मात्र नोकरी देणाऱ्याच्या हाती नाही. ओळ अर्जात असो वा नसो, वही चालू राहिली पाहिजे. अर्ज स्वीकारला जाईल किंवा परत येईल. पण आजीला आठवणारी गाणी तिच्याबरोबर गेली, तर ती परत मागविण्यासाठी कोठेही अर्ज करता येणार नाही. वडिलांनी मुलीला एकदा एवढे सांगावे की, बँकेचा अर्ज पाठवून झाला, आता वही काढ आणि आजीजवळ बस. मग त्या घरात एक ओळ खोडली गेली काय किंवा राहिली काय, कोणाच्या मनाला सल उरणार नाही.